बोटांनी पाहणारी मुलं

लहानपणी मला वाटायचं, मॉन्टेसरी म्हणजे शाळेचाच एक प्रकार. आमच्या गावात एका वाड्याच्या ओसरीवर मॉन्टेसरी भरायची. धाकटा भाऊ कुठे जातो, असं कुणी विचारलं की आई सांगायची, मॉन्टेसरीत जातो. तिथे लाकडी ठोकळे होते, एक मोडका झोपाळा होता आणि मधल्या सुट्टीत चुरमुरे मिळायचे. पुढे बी. ए.ला मानसशास्त्र घेतलं, तेव्हा पहिल्यांदा समजलं की मॉन्टेसरी हे एका बाईचं आडनाव आहे! परीक्षेपुरतं जन्मसाल, मृत्यूसाल पाठ केलं आणि विसरूनही गेले.

त्या बाईंची पुन्हा आठवण झाली ती गेल्या वर्षी, माझ्याच एका चुकीमुळे.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही चौघी-पाचजणी गावाबाहेरच्या वस्तीत मंगळवारी आणि शुक्रवारी लहान मुलांचा वर्ग घेतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचा, पट्टीने एकेक अक्षर दाखवायचं, मुलांनी मोठ्याने म्हणायचं. आमच्याही वेळी असंच होतं ना! त्यात साडेपाच वर्षांची एक मुलगी होती. तक्त्याकडे बघायचीच नाही. चटईचे धागे उपसत बसायची. घ आणि ध, भ आणि म यात तर तिचा कायम गोंधळ. सहा महिने झाले तरी तेच. शेवटी कंटाळून मी तिच्या आईला म्हणाले की हिच्या डोक्यात काही शिरत नाही बाई, थोडी मंदच दिसते. आई काही बोलली नाही. पुढच्या मंगळवारी मुलगी आली नाही. शुक्रवारीही नाही. ताईच म्हणाल्या शिकून उपयोग नाही, मग निदान धाकट्याला तरी सांभाळेल, असा साधा सरळ हिशेब आईने केला होता.

मनाला लागलं म्हणून मी घरी गेले. तर ही पोरगी उंबऱ्याशी बसून सुपातले तांदूळ निवडत होती. मैत्रिणींनो, काय सांगू तुम्हाला! तिची नजर आणि बोटं इतकी भराभर चालली होती की मी बघतच राहिले. खडा दिसला की बाजूला, भाताचं टरफल दिसलं की बाजूला, किडका दाणा वेगळा. एकही चांगला दाणा खाली पडत नव्हता. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा मला चष्मा लावूनही दिसला नसता. दाणा आणि खडा यातला फरक जिला क्षणात कळतो, तिला घ आणि ध यातला फरक कळत नाही, असं कसं होईल?

घरी आले आणि कपाटातली जुनी पुस्तकं काढली. ग्रंथालयातून आणखी आणली. मग महिनाभर मी मॉन्टेसरीबाईंच्याच संगतीत होते म्हणा ना!

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाले या लहानशा गावातला. वडील सरकारी खात्यात हिशेबाच्या कामावर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्डे शिकलेली, वाचनाची आवड असलेली. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. मुलीने फार तर शिक्षिका व्हावं, अशी त्या काळची रीत. हिने मात्र तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातलं, म्हणे इंजिनीअर व्हायचंय. ते झाल्यावर म्हणे डॉक्टर व्हायचंय. वडिलांनी अबोला धरला, आई मात्र पाठीशी उभी राहिली.

वैद्यकीय महाविद्यालयात सगळे पुरुष. मुलांच्या बरोबरीने मृतदेहाची चिरफाड बघणं हे बाईमाणसाला शोभणारं नाही, म्हणून तिने ते काम संध्याकाळी, सगळे गेल्यावर, एकटीने करायचं. डोळ्यांपुढे आणा, एक विशी-बाविशीची मुलगी, समोर मृतदेह आणि दुसरं चिटपाखरू नाही. तो वास सहन व्हावा म्हणून ती सिगारेट ओढायची. १८९६ साली ती डॉक्टर झाली. ती इटलीतली पहिली स्त्री डॉक्टर होती असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, ते बरोबर नाही. तिच्या आधी मोजक्या का होईना, काहीजणी झाल्या होत्या. पण त्याने तिचं मोठेपण कमी होतं असं मला वाटत नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत जाऊन तिने बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे असं ठणकावून सांगितलं. आणि गंमत बघा, अबोला धरणाऱ्या त्याच वडिलांनी पुढे लेकीबद्दलची वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून वहीत चिकटवली.

नोकरी लागली ती मनोरुग्णांच्या उपचारांच्या विभागात. त्या कामासाठी तिला वेड्यांच्या इस्पितळांतून फिरावं लागे. तिथे मतिमंद म्हणून टाकून दिलेली मुलं मोठ्या वेड्यांबरोबरच कोंडलेली असत. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवर सांडलेला पावाचा चुरा गोळा करत. राखणारी बाई तुच्छतेने म्हणे की बघा, किती हावरट आहेत. मारियाने त्या खोलीत नजर फिरवली. चार उघड्या भिंती. हातात घ्यायला, उलटून पालटून बघायला एकही वस्तू नाही. मुलं चुरा खातही नव्हती, ती त्याच्याशी खेळत होती. त्यांच्या हातांना भूक लागली होती!

हे वाचलं आणि मला चटईचे धागे उपसणारी ती बोटं आठवली.

मग मारियाने जुनी पुस्तकं शोधून काढली. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सच्या जंगलात सापडलेल्या एका रानटी मुलाला शिकवू पाहणारा डॉक्टर इतार, आणि त्याचा शिष्य सेगँ. कमी बुद्धीच्या म्हटलेल्या मुलांना आधी हातपाय वापरायला, मग स्पर्श, मग नजर असं शिकवत न्यायचं, ही सेगँची पद्धत. त्याचं जाडजूड फ्रेंच पुस्तक मारियाने इटालियनमध्ये आपल्या हाताने लिहून काढलं. लिहिताना एकेका शब्दाचा अर्थ तोलता यावा म्हणून. हाताने लिहिलं की डोक्यात बसतं, हे बाईंनी आधी स्वतःवरच करून बघितलं म्हणायचं.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शिक्षकांना तयार करणारी एक शाळा निघाली. डॉ. जुझेप्पे मोंतेसानो आणि मारिया असे दोघं तिचे संचालक. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः मुलांना शिकवायची आणि रात्री टिपणं काढायची. यातल्या काही मुलांना तिने सरकारी शाळेच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेला बसवलं आणि ती पास झाली. लोक म्हणू लागले, चमत्कार! मारिया मात्र भलत्याच काळजीत पडली. ही मुलं जर चांगल्या मुलांच्या बरोबरीने पास होतात, तर चांगल्या मुलांचं शाळेत नेमकं काय होतंय?

पण या कौतुकाच्या काळात तिच्या पोटात एक दुःख होतं. ३१ मार्च १८९८ ला तिला मुलगा झाला होता, मारिओ. वडील डॉ. मोंतेसानो. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर तेव्हाच्या रीतीप्रमाणे काम सोडून घरी बसावं लागलं असतं, आणि लग्नाशिवाय मूल आहे हे कळलं असतं तर काम आपोआपच गेलं असतं. बाळाला खेड्यातल्या एका कुटुंबात वाढायला ठेवलं. दोघांनी लग्न न करण्याचं ठरवलं होतं म्हणतात. पण मोंतेसानोने १९०१ मध्ये दुसरीशी संसार थाटला. मारियाने ती शाळा सोडली आणि पुन्हा विद्यापीठात जाऊन विद्यार्थिनी झाली. मुलाला भेटायला ती अधूनमधून जायची. ही भेटायला येणारी बाई आपली कोण, हे त्या पोराला सांगितलेलं नव्हतं.

जगातल्या मुलांना समजून घेणारी बाई, आणि स्वतःच्या मुलाला आई म्हणून हाक मारू देता येत नाही. मला हे वाचून पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं. तिला दोष द्यावा असं कधी वाटतं, कधी वाटतं आपण कोण दोष देणार! आपल्याकडेही त्या काळात काय झालं असतं, ते काय वेगळं सांगायला हवं?

६ जानेवारी १९०७. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत काही चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं जिन्यांत, भिंतींवर धुडगूस घालणार. भिंती खराब होऊ नयेत म्हणून मालक मंडळींनी ठरवलं, या पोरांना एका खोलीत कुणीतरी सांभाळावं. म्हणजे काय, तर भिंती वाचवण्यासाठी शाळा! पन्नासेक मुलं, तीन ते सहा-सात वर्षांची. शिक्षिका म्हणून एक साधी, शिक्षकी न शिकलेली मुलगी. आपल्या अंगणवाड्यांची आठवण होते की नाही? मारियाने तिथे आपली साधनं आणून ठेवली आणि ती नुसती बघत राहिली.

एक साधन आहे दट्ट्यांचं. लांब लाकडी ठोकळ्यात ओळीने दहा खळगे, आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, कुणी जाड कुणी बारीक. प्रत्येकाला वर एक बोंडूक, ते तीन बोटांनी धरायचं. सगळे काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा आपापल्या जागी लावायचे. तीन वर्षांची एक मुलगी हे करत बसली होती. लावले, काढले, पुन्हा लावले. मारियाने इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणत फिरायला सांगितलं. पोरगी हलली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तर तिने साधन मांडीवर घट्ट धरलं आणि पुढे चालू. मारियाने मोजायला सुरुवात केल्यापासून तिने ते ४२ वेळा केलं. मग थांबली आणि छान झोप झाल्यासारखी हसत उठली.

आता यात इतकं काय आहे? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आज मेंदूचं जे कळलेलं आहे, ते थोडं समजून घेतलं की उलगडा होतो. डोळ्यांनी टिपलेलं आधी जातं मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे जिथे आपण अंबाडा घालतो साधारण त्याच्या आत. तिथून त्याला ढोबळमानाने दोन वाटा फुटतात. खालची वाट सांगते, हे काय आहे. वरची वाट सांगते, हे कुठे आहे आणि याला हात कसा घालायचा. ही दुसरी वाट हालचालींच्या भागाला जाऊन मिळते. हात निघतो. तो थोडा चुकतो. दट्टा खळग्यात बसत नाही. ही चूक डोळ्यांना दिसते, बोटांना जाणवते, आणि दहावीच्या विज्ञानात आपण शिकलो तो मानेवरचा लहान मेंदू पुढच्या वेळची हालचाल किंचित सुधारतो. अनेकांतून कुठला दट्टा उचलायचा, हेही ठरवावं लागतंच. त्यासाठी मेंदूच्या आत खोल तळाशी चेतापेशींचे पुंजके आहेत. केलेली निवड बरोबर निघाली की तिथे एक रसायन मिळतं, शाबासकीच म्हणा, आणि पुढच्या वेळी तीच निवड सोपी होते. बघणं, ठरवणं, करणं, आणि चुकलं तर पुन्हा बघणं. हे आपल्याला चार वेगळ्या गोष्टी वाटतात, पण मेंदूत ते एकच चक्र फिरत असतं.

ती मुलगी ४२ वेळा ते चक्र फिरवत होती. चूक सांगायला कुणी बाई नव्हती, खळगाच सांगत होता. एक दट्टा चुकीच्या जागी गेला तर शेवटी एक उरतोच किंवा बसतच नाही. मॉन्टेसरीबाईंचा हा विचार मला सगळ्यात आवडला. चूक दाखवायचं काम वस्तूवर सोपवायचं. म्हणजे मोठ्यांचा चेहरा बघून बरोबर की चूक ते ताडायची मुलाला गरजच राहत नाही.

इथे मला माझ्या मुलाचं सांगितलंच पाहिजे. त्याच्या बुटाची लेस तो तिसरीत जाईपर्यंत मी बांधत होते. कंपासपेटी मी भरायची, शर्ट मी काढून ठेवायचा, चित्रात कुठला रंग ते मी सुचवायचं. सकाळी रिक्षावाला हॉर्न वाजवत उभा असतो, त्याला शिकवत कोण बसणार! आता तो अकरावीत आहे आणि हॉटेलात गेलं तरी डोसा घेऊ की उत्तप्पा हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवतो. सगळे हसतात. मी पण हसते, पण आत कुठेतरी टोचतं.

सान लोरेन्झोत एकदा शिक्षिकेला यायला उशीर झाला. आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहिलं होतं. ती आली तर मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीची साधनं घेतलेली! तिला वाटलं, ही तर चोरी, शिक्षा केली पाहिजे. मारियाला वेगळंच दिसलं. मुलांना कुठली वस्तू कुठे असते हे माहीत होतं आणि काय हवं तेही माहीत होतं. तेव्हापासून उंच कुलूपबंद कपाट गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणाऱ्या त्या छोट्या खुर्च्या, बुटकी टेबलं, हलकी सामानं ही सगळी त्याच घराण्यातली.

आता अक्षरांकडे येते, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

वस्तीतल्या दोन-तीन आया मारियाकडे आल्या. स्वतः निरक्षर. म्हणाल्या, आमच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवा. मारियाच्या मनात एवढ्या लवकर अक्षरं शिकवायचं नव्हतं. पण आयांचा शब्द तिने मोडला नाही. तिने पॉलिश पेपरची, म्हणजे सुतार लाकूड घासायला वापरतो त्या खरखरीत कागदाची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने लिहिण्याच्या दिशेनेच त्यावरून बोटं फिरवायची आणि त्या अक्षराचा आवाज काढायचा. डोळा, बोट आणि कान तिन्ही एकदम. दुसरीकडे धातूच्या आकारांभोवती पेन्सिल फिरवून आत रेघा भरायच्या, त्याने हाताला वळण. दट्टे तीन बोटांनी धरून धरून पेन्सिलची पकड तर आधीच आलेली. लिहिणं असं कुणी शिकवलंच नाही. लिहिण्याचे सगळे तुकडे मात्र हातात येऊन बसले.

आणि एके दिवशी गच्चीवर एक मुलगा धुराड्याचं चित्र खडूने काढत होता. काढता काढता त्याने शेजारी शब्द लिहिला. मग दुसरा. आणि ओरडत सुटला की मला लिहिता येतं! बाकीची मुलं धावली, खडू मागू लागली. काही दिवसांत जमिनीवर, दारावर, भिंतींवर शब्दच शब्द. भिंती वाचवायला निघालेली शाळा बघा!

हे आपल्याला अगदीच परकं नाही. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणारी पिढी आपल्या आज्या-पणज्यांची. दसऱ्याला ताटात तांदूळ पसरून आपण मुलाचं बोट धरून पहिलं अक्षर काढतोच की. फक्त एक दिवस करतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी तक्ता टांगतो!

बाईंनी हे मुलांकडे बघून ताडलं होतं. त्यांच्या मागून विज्ञानाने ते तपासून पाहिलं. १९६३ साली अमेरिकेत हेल्ड आणि हाइन या दोघांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. एरवी अंधारात ठेवलेली ही पिल्लं रोज तीन तास उजेडात, एका गोल चक्राला बांधलेली. त्यातलं एक स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरायचं. दोघांना दिसत होतं सारखंच. पण काही दिवसांनी चालणारं पिल्लू वस्तू जवळ आली की डोळे मिटायचं, टेबलाजवळ नेलं की पंजा पुढे करायचं, खोल कड्यापाशी थांबायचं. टोपलीतल्या पिल्लाला डोळे असून हे काहीच येत नव्हतं. कारण दिसणारं जग आणि स्वतःची हालचाल यांची गाठच पडली नव्हती. जिवाला बरं वाटलं ते पुढचं वाचून. टोपलीतल्यांना उजेडात मोकळं सोडलं, तर दोन दिवसांत ती शिकली!

माझा मुलगा टोपलीत बसला होता आणि टोपली मी विणली होती, असं तेव्हा वाटून गेलं.

अक्षरांचंही तपासलं गेलं आहे. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या ज्या मुलांनी अक्षरं नुसती न बघता बोटांनी चाचपलीही, ती वाचनात पुढे गेली. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी वाचता न येणाऱ्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे शिकवली. काहींची आपल्या हाताने काढून, काहींची ठिपक्यांवरून गिरवून आणि काहींची कळफलकावर दाबून. मग यंत्रात मेंदूचा आलेख काढला. जी अक्षरं हाताने काढली होती, ती नुसती दिसली तरी वाचनाला लागणारा भाग जागा झाला. बाकी दोन्ही प्रकारांत तसं झालं नाही. हा निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. म्हणजे नुसतं गिरवणंही पुरेसं नाही हं! ठिपके जोडायच्या ज्या वह्या आपण ढिगाने विकत आणतो, त्यांचा विचार करायला हवा. हाताने काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वाकडं येतं, कधी टोपी मोठी कधी शेपटी लहान. त्यातूनच मेंदूला कळतं की घ तो घच, कितीही वाकडा असो, आणि त्याचा ध कधी होतो. सान लोरेन्झोची मुलं खरखरीत अक्षरावरून बोट फिरवून थांबली नव्हती, खडू घेऊन स्वतः लिहीत सुटली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढची गोष्ट भरभर सांगते. जगभर नाव झालं. १९१३ मध्ये अमेरिकेत तिच्या व्याख्यानांना सभागृहं भरली, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला. तिथल्याच किलपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने १९१४ मध्ये पुस्तक लिहून पद्धतीवर टीका केली आणि अमेरिकेतला उत्साह पुष्कळ वर्षं ओसरला. बाई स्वभावाने हट्टी. प्रशिक्षण मीच देणार, साधनं माझ्या मान्यतेचीच, असा आग्रह. मुलांना स्वातंत्र्य देणारी बाई शिक्षकांना मात्र फारसं देत नव्हती, हे मला पटत नाही. आणखी एक खटकतं. मुसोलिनीच्या राजवटीचा पाठिंबा तिने काही वर्षं घेतला. पण हुकूमशहाला हवी होती हुकूम पाळणारी मुलं, आणि हिच्या शाळेतली मुलं स्वतः ठरवणारी. हे जमणार कसं? १९३४ मध्ये तिने इटली सोडली, तिथल्या शाळा बंद झाल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा बार्सिलोनाही सोडावं लागलं.

आई वारली ती १९१२ च्या अखेरीला. त्यानंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओ तिच्याजवळ राहायला आला आणि शेवटपर्यंत तिचा उजवा हात झाला. पण लोकांत ओळख करून देताना कधी भाचा, कधी दत्तक मुलगा.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मायलेक मद्रासला (आताचं चेन्नई) आले. बाई तेव्हा ६९ वर्षांच्या. पहिल्याच वर्गाला देशभरातून तीनशेच्या वर शिक्षक! जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि ब्रिटिशांच्या लेखी हे दोघं शत्रू देशाचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याची सक्ती झाली आणि मारिओला पाठवलं ते आपल्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) छावणीत. हे मला ठाऊकच नव्हतं! नगरला माझं सासर जवळच, किती वेळा एस.टी. तिथे बदलली असेल.

३१ ऑगस्ट १९४० ला बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमच्या मुलाला परत पाठवत आहोत, असा तिचा आशय सांगतात. तारेत शब्द होता मुलगा. भाचा नाही, दत्तक नाही. बेचाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं, ते परक्या सरकारच्या एका कागदाने सगळ्यांदेखत म्हणून टाकलं.

युद्धाची वर्षं अड्यार आणि कोडाईकनालला गेली. हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. आपल्याकडे त्याच्या आधीपासूनच भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बाईंचे विचार घेऊन आपल्या मातीतलं काम सुरू केलं होतं. महागडी लाकडी साधनं खेड्यात कुठून आणणार? ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बिया, शिंपले, दगड, पानं यांचीच साधनं केली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. मॉन्टेसरीबाई ६ मे १९५२ ला नेदरलँड्समध्ये नोर्डवाइक इथे गेल्या. इटलीने पुढे हजार लिरांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. युरो येईपर्यंत ती नोट चालत होती.

हे सगळं वाचत असतानाच मी बाजारातून चार पॉलिश पेपर आणले. कात्री बोथट झाली, बोटं सोलली, पण अक्षरं झाली. मग त्या मुलीच्या घरी पुन्हा गेले. तिच्या आईची माफी मागताना जीभ जड झाली होती खरी, कारण आपल्याला ताई म्हणणाऱ्या बाईची माफी मागायची सवय कुठे असते आपल्याला? मुलगी वर्गात परत आली. घ वरून बोट फिरवलं, मग डोळे मिटून फिरवलं, मग ताटातल्या रेतीत काढलं, मग फरशीवर खडूने. चमत्कार वगैरे झाला नाही. महिना-दीड महिना गेला. अजूनही घाईत असली की घ चा ध करते, पण आता थांबते, स्वतःच बघते, तळहाताने पुसते आणि पुन्हा काढते. जूनमध्ये पहिलीत गेली.

परवा तिची आई रस्त्यात भेटली. धाकटा कडेवर. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी घुटमळत होती. मग म्हणाली की ताई, ती खरखरीत अक्षरं चार दिवस घरी नेली तर चालतील का? मला वाटलं, मुलीच्या सरावासाठी असतील. तर नाही, तिला स्वतःला हवी होती. मी पिशवीतून काढून दिली. भ मात्र कुठे गेलाय कोण जाणे, तो नवा कापायला हवा.